तार, बिनतार आणि हजेरीचा खाडा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी बोनस, कंत्राटी कामगार किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळविला तो असा : टच पॅनेलावर तारेचे व बिनतारी जाळे कसे जोडावे. दुसऱ्याच दिवशी चिटणीसांचा फोन आला. "अहो, दुसऱ्या कोणाचा कागद चुकून आमच्याकडे तर आला नाही ना?" मी म्हटले, "नाही साहेब, कागद माझाच आहे. आणि विषय पगाराचाच आहे." तो पगाराचा विषय कसा, एवढेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण फिटरच्या हाताखाली आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. आज जे सांगणार आहे ते वाचलेले आहे, जाणकारांना विचारलेले आहे आणि स्वतःच्या बोटांनी करून पाहिलेले आहे. सभेत इंजिनियर मंडळी बसली असतील. त्यांना हे बाळबोध वाटेल. परंतु ज्याचा खाडा पडतो तो इंजिनियर नसतो, म्हणून त्याला समजेल असेच बोलणे मला भाग आहे.

प्रथम प्रसंग सांगतो. एका कारखान्यातील कामगार आमच्या युनियनकडे तक्रार घेऊन आले. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. जे तेथे घडले ते कोठेही घडू शकेल. त्या कारखान्याला दोन दरवाजे. पुढच्या दरवाजाने कायम कामगार व कचेरीची मंडळी येत, मागच्या दरवाजाने कंत्राटी कामगार. दोन्हीकडे हजेरीची टच पॅनेले भिंतीवर बसविलेली. आम्ही कामाला लागलो तेव्हा पितळी बिल्ला असे. तो टाइमकीपरच्या खिडकीतून घ्यावयाचा आणि फळ्यावर टांगावयाचा. पुढे पंचकार्ड आले. खट्‌कन आवाज होऊन वेळ कार्डावर उमटे आणि ती आपल्या डोळ्यांना दिसे. आता काचेवर बोट ठेवले की हिरवी खूण येते, आतून एक बाई इंग्रजीत आभार मानते आणि कामगार आत जातो. त्याच्या हाती मात्र काहीच राहत नाही.

महिनाअखेर पगार झाला, तेव्हा मागच्या दरवाजाच्या लोकांना खाडे पडलेले. कोणाचे दोन, कोणाचे चार, एकाचे तर सहा. रोजावर जगणाऱ्याचे चार रोज गेले म्हणजे काय होते ते त्याच्या किराणा दुकानदाराला विचारावे. लोक टाइम ऑफिसात गेले. तेथे दोन उत्तरे मिळाली. एक, "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे." दुसरे, "मशीन खोटे बोलत नाही." ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाने एकाच दमात उच्चारली, आणि ती एकत्र कशी खरी असतील हे विचारण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. का झाले नाही? कारण नेटवर्क म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

मंडळी, कामगाराची वेळ कोणी मोजावी हा झगडा जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा उभी केली आणि १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. त्या वेळी घड्याळ मालकाच्या भिंतीवर होते. आज ते काचेच्या पडद्यामागे गेले आहे, एवढाच फरक. भिंतीवरचे घड्याळ आपण वाचावयास शिकलो, तसे या पडद्यामागचे घड्याळही आपण वाचावयास शिकले पाहिजे. मी शिकावयास बसलो.

नेटवर्क म्हणजे जाळे. हजेरीचे पॅनेल, कचेरीतला संगणक, प्रिंटर ही सारी यंत्रे एकमेकांना निरोप पाठवितात. ते निरोप ज्या वाटांनी जातात त्यांचे हे जाळे. वाटा दोन प्रकारच्या, एक तारेची आणि दुसरी बिनतारी.

तार हा शब्द एके काळी आपल्या घरात धडकी भरविणारा होता. तार आली म्हटले की आधी बायका रडू लागत, मग ती वाचली जाई. ती तारसेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु निरोपाची तार काही संपली नाही. पॅनेलाच्या मागे चौकोनी खाच असते, तीत जी वायर खोचतात तिच्यात आठ तारा असतात. दोन-दोन तारांना पीळ घालून चार जोड्या केलेल्या असतात. पीळ का घालतात? आजूबाजूच्या मोटारींचा व वेल्डिंगचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांना सारखाच व्हावा आणि पलीकडच्या टोकाला तो वजा करता यावा म्हणून. ही वायर एका दमात शंभर मीटरपर्यंतच ओढावी असा नियम आहे. विजेच्या जाड केबलीला लगटून ती नेऊ नये.

या तारेच्या जाळ्याचे नाव ईथरनेट. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी त्याची कल्पना मांडली. गंमत अशी की, त्यांना ती सुचली बिनतारी जाळ्यावरून. हवाई बेटांवरील विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटाबेटांतील संगणक रेडिओने जोडले होते. तेथे रीत अशी होती : निरोप पाठवावा, पोचल्याची खूण आली नाही तर थोडा वेळ, प्रत्येकाने वेगवेगळा वेळ, थांबावे आणि पुन्हा पाठवावा. आमच्या सभेत दोघे एकदम बोलू लागले की दोघेही थांबतात, मग एकजण आधी सुरू करतो, तसेच हे. आजच्या तारेच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला स्विचपर्यंत स्वतंत्र वाट मिळते. म्हणून तेथे ही अडचण उरली नाही. बिनतारीत मात्र हवा सर्वांची एकच. एकजण बोलतो तोवर बाकीच्यांना ऐकत थांबावे लागते.

आपण ज्याला वायफाय म्हणतो त्या बिनतारी जाळ्याचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले. त्यातील नेहमीच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. विटांच्या भिंतीतून ती थकत का होईना पलीकडे जाते. पण लोखंडी पत्र्यावर आदळली की चेंडूसारखी परतते. कारखान्याच्या पत्र्याच्या शेडीखाली बिनतारी पॅनेल रुसते ते यामुळे. दुसरी आखूड लहर आहे, सहा सेंटिमीटरच्या आसपासची; तिच्या वाटेवर गर्दी कमी, पण भिंतीपुढे ती लवकर हार खाते. तेव्हा साधा नियम असा : जे यंत्र जागेवरून हलत नाही आणि ज्याच्यावर कोणाची भाकरी अवलंबून आहे, त्याला तार द्यावी. जे हातात घेऊन हिंडावयाचे, त्याला बिनतारी.

आता खरा गाभा येतो. वाट असली म्हणजे निरोप पोचतोच असे नाही, कारण पत्ताही लागतो. प्रत्येक यंत्राला जाळ्यात एक पत्ता असतो : टिंबांनी तोडलेले चार आकडे, प्रत्येक शून्य ते २५५ यांमधला. १९८१ साली ठरलेल्या या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. तेवढेही जगाला अपुरे पडू लागले, म्हणून काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते तुमच्या घरीही आहेत, माझ्या घरीही आहेत. जसा प्रत्येक चाळीत खोली नंबर पाच असतो. चाळी वेगळ्या, म्हणून भांडण होत नाही.

पॅनेलावर चार गोष्टी भरावयाच्या असतात. पहिली हा पत्ता, समजा १९२.१६८.१.५०. दुसरी, ज्याला सबनेट मास्क म्हणतात ते, बहुधा २५५.२५५.२५५.० असे असते. त्याचा अर्थ एवढाच की पहिले तीन आकडे वाडीचे नाव आणि शेवटचा आकडा घराचा नंबर. त्यावरून यंत्राला कळते की आपल्या वाडीतला कोण आणि परगावचा कोण. तिसरी, गेटवे. ही वाडीची वेस. परगावचा निरोप या वेशीतून बाहेर जातो. बहुधा राऊटर नावाच्या पेटीचाच हा पत्ता असतो. चौथी, डीएनएस. लोकांना नावे लक्षात राहतात, यंत्रांना आकडे लागतात. नाव सांगितले की आकडा काढून देणारा हा गावचा तलाठी.

हे आकडे मिळण्याच्या रीती दोन. धर्मशाळेत गेलो की व्यवस्थापक रिकामी खोली पाहून आपल्याला देतो, तसे राऊटर स्वतःच पत्ता वाटतो. पॅनेलावर याला डीएचसीपी म्हणतात. दुसऱ्या रीतीत आपण स्वतः आकडे भरावयाचे. त्याला स्टॅटिक किंवा मॅन्युअल असा शब्द असतो. पहिली रीत सोपी, पण खोली बदलू शकते. दुसरीत खोली कायम, पण व्यवस्थापकाला न सांगता कुलूप लावून बसलात तर तो तीच खोली दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. हे वाक्य कृपा करून ध्यानात ठेवा.

आता प्रत्यक्ष कृती. पॅनेलावर मेनू किंवा सेटिंग उघडावे. ते बहुधा व्यवस्थापकाच्या पासवर्डाने बंद असते. आत नेटवर्क असे सदर असते, आणि त्यात ईथरनेट व वायफाय असे दोन भाग. तारेसाठी आधी वायर खोचावी. पुष्कळ यंत्रांत खाचेजवळ बारीक दिवे असतात. ते लागले तर वाट जोडली गेली, न लागले तर पुढे आकडे भरून उपयोग नाही, आधी वायर तपासावी. मग डीएचसीपी चालू ठेवावे, किंवा बंद करून चारही आकडे भरावेत आणि जतन करावे.

बिनतारीसाठी वायफाय चालू केले की आसपासच्या जाळ्यांची नावे पडद्यावर येतात. आपले नाव निवडून पासवर्ड घालावा. कोणी नाव लपवून ठेवले असेल तर ते अक्षरशः जसेच्या तसे लिहावे. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षराचा फरकही चालत नाही. सुरक्षेचा प्रकार विचारला तर डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ घ्यावा. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार २००१ सालीच फोडला गेला आहे. तो म्हणजे खिळ्याने उघडणारे कुलूप. त्यानंतर पत्त्याचे चार आकडे बिनतारीलाही वेगळे द्यावे लागतात. तारेचे आकडे तारेला, बिनतारीचे बिनतारीला. एकाच वाडीत दोन्ही वाटा एकदम चालू ठेवू नयेत. निरोप एका वाटेने आणि उत्तर दुसऱ्या वाटेने, असा गोंधळ होतो.

तपासणीच्या तीन खुणा सांगतो. वायफायच्या पट्ट्या भरलेल्या दिसल्या तर राऊटरचा आवाज तुमच्यापर्यंत येतो एवढेच सिद्ध होते. पत्ता बरोबर आहे असे त्याने ठरत नाही. दुसरी, १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजावे की पत्ता वाटणाऱ्याने उत्तरच दिले नाही आणि यंत्राने आपला तात्पुरता पत्ता आपणच घेतला. तिसरी खूण घड्याळाची. पुष्कळ पॅनेले वेळही जाळ्यातूनच घेतात. तेथे भारताचे साडेपाच तास नीट भरले नसतील तर सकाळी सातला आलेला माणूस रात्री दीडला आल्याची नोंद होते.

आता पुन्हा त्या मागच्या दरवाजाकडे वळू. पॅनेल होते बिनतारी. मालकाची माणसे म्हणाली, लहरी पोचत नाहीत. आम्ही म्हटले, मग तार घाला. त्यांनी कचेरीपासून ऐंशी मीटर वायर ओढली. आम्हाला वाटले, जिंकलो. पुढचा पगार झाला आणि खाडे होते तितकेच! आता तर कामगारच लबाड ठरले. "तार घातली, तरी तुमची माणसे गैरहजर. आता सांगा," असे मला तोंडावर ऐकविण्यात आले. खरे सांगतो, त्या रात्री माझ्याही मनात शंका आली की आपलीच माणसे तर उशिरा येत नसतील? ही शंका आल्याची मला आज लाज वाटते.

वाट सापडली ती सफाई खात्यातल्या एका बाईमुळे. शाळेच्या जुन्या वहीत ती रोज आल्यावर तारीख आणि पाळी लिहून ठेवी. तिने वही पुढे केली आणि म्हणाली, "दादा, हे बघा. माझी पहिली पाळी असते त्या आठवड्यात खाडा नाही. रात्रपाळीला नाही. दुसऱ्या पाळीलाच पडतो. आणि रविवारी कधीच नाही." आम्ही इतरांचे खाडे मांडून पाहिले. तिचे म्हणणे तंतोतंत खरे. त्या दरवाजावर हजेरी फक्त येतानाच घेत. सातला येणारे सुटत, रात्री अकराला येणारे सुटत, दुपारी तीनला येणारे सापडत. माणसे लबाड असती तर ती रविवारीही लबाड असती. मग दुपारी तीनला असते आणि रविवारी नसते असे काय? उत्तर एकच, कचेरी.

टाइम ऑफिसातला कारकून तरुण मुलगा होता, मनाने सरळ. संगणकावरून एखाद्या पत्त्याला हाक मारून पाहण्याची सोय असते. तिला पिंग म्हणतात. मी त्याला म्हटले, "बाळ, मागच्या पॅनेलाची वायर काढ आणि वीजही बंद कर. आता त्याच्या पत्त्याला हाक मार." त्याने हाक मारली. पडद्यावर एकामागून एक चार ओळी आल्या. पत्त्यावरून उत्तर येत होते. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "काका, पॅनेल तर बंद आहे. मग उत्तर देतंय कोण?"

प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक जन्मनंबर मिळालेला असतो, त्याला मॅक नंबर म्हणतात. उत्तर देणाऱ्याचा तो नंबर संगणकाने दाखविला. आम्ही कचेरीतल्या यंत्रांच्या मागच्या चिठ्ठ्या वाचीत गेलो आणि नव्या प्रिंटरशी थांबलो. पॅनेल बसविणाऱ्याने १९२.१६८.१.५० हा पत्ता हाताने भरला होता, पण राऊटरला कळविले नव्हते. पुढे प्रिंटर आला. राऊटरने वाटपाच्या यादीतून तोच पत्ता त्याला दिला. प्रिंटर सकाळी दहाला चालू होई, सहाला बंद होई. तेवढ्या वेळात एका खोलीत दोन बिऱ्हाडे! तार ओढणाऱ्यानेही जुन्या कागदावरून तोच आकडा उतरवून घेतला. म्हणून तारेने काहीच सुधारले नाही.

आणि नोंदी? त्या हरविल्या नव्हत्या. निरोप गेला नाही की पॅनेल तो स्मरणात ठेवते आणि वाट मोकळी झाली की पाठविते. परंतु पाळी सुरू झाल्यावर तासाभराने संगणक हजेरीचे पुस्तक मिटवी. मागाहून आलेल्या नोंदी एका वेगळ्या यादीत जात. ती यादी आजवर कोणी उघडली नव्हती. त्या मुलाने ती उघडली. दोन वाजून सत्तेचाळीस, दोन वाजून एक्कावन्न, दोन वाजून त्रेपन्न : सारी माणसे वेळेवर आलेली होती. मशीन खोटे बोलले नव्हते हे अगदी खरे; त्याचे ऐकावयास कोणी बसले नव्हते.

उपाय दहा मिनिटांचा होता. राऊटरमध्ये पॅनेलाचा जन्मनंबर लिहून तो पत्ता त्याच्यासाठी राखला. तारेचा व बिनतारीचा जन्मनंबर वेगळा असतो, म्हणून तारेचा लिहिला आणि बिनतारी बंद केली. प्रिंटरला दुसरी खोली मिळाली. खाड्यांचे पैसे पुढच्या पगारात परत आले. मजुरीतून कपात कशाकशाबद्दल करता येते याची यादी १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात घातलेली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. प्रिंटरचे भांडण त्या यादीत बसत नाही.

यावरून आम्ही तीन मागण्या नेहमीच्या केल्या आहेत. पॅनेलाचे चारही आकडे आणि ते कोणी, कधी बदलले, याचा कागद टाइम ऑफिसात लावावा. खाडा मांडण्यापूर्वी पॅनेलाच्या स्मरणातली नोंद पाहावी. आणि जाळे बंद असेल त्या दिवशी कागदी हजेरीपुस्तक उघडावे. या मागण्यांना खर्च नाही, म्हणून नाही म्हणावयास कारणही नाही.

आपण म्हणाल, आम्ही काही कारखान्यात जात नाही. पण रेशन दुकानातले यंत्र, बँकेतले पासबुक छापणारे यंत्र, तुमच्या घरातला टीव्ही, या सर्वांच्या पोटात हेच चार आकडे आहेत. आज घरी गेल्यावर टीव्हीची सेटिंग उघडा आणि आपला पत्ता एकदा वाचून पाहा. काही बदलू नका, नुसता वाचा. पुढे कोणी "नेटवर्कचा प्रॉब्लेम" म्हणाला, तर रागावू नका. नम्रपणे विचारा, "वाटेचा, की पत्त्याचा?" समोरच्याला उठून पाहावेच लागेल.

ती सफाई खात्यातली बाई अजून वही लिहिते. मी तिला म्हटले, "बाई, आता यंत्र दुरुस्त झाले, आता कशाला?" ती म्हणाली, "असू द्या दादा. यंत्राचं यंत्राजवळ, माझं माझ्याजवळ."